खांबांमधली फट : झामरकोटडा ते सलखन, सात दिवस

स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे सूक्ष्मजीवांच्या चटईने पापुद्र्यावर पापुद्रा रचत बनवलेला दगड. तो बघायला गेलेली बहुतेक माणसं त्याचे खांब बघून परत येतात. एकावर एक पापुद्र्यांचे घुमट, कांद्याच्या चकत्यांसारखी वर्तुळं, फोटोला छान. पण खांब एवढंच सांगतो की इथे प्रकाशाकडे वाढणारी सूक्ष्मजीवांची चटई होती. ती लाटांच्या पट्ट्यात होती की शांत पाण्यात, ओहोटीला तळ उघडा पडत होता का, गाळ कुठून येत होता, हे कळायला दोन खांबांमधल्या बोटभर फटीत काय भरलंय ते बघावं लागतं. राजस्थानातल्या उदयपूरपासून उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रपर्यंतच्या या वाटेवर झामरकोटडा, भोजुंदा, चित्रकूट आणि सलखन अशी चार ठिकाणं आहेत आणि चारही ठिकाणी आधी फट, मग खांब, असा क्रम ठेवलेला बरा.

चटईचं काम थोडक्यात असं. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आपले नील-हरित शैवाल, चिकट द्रव सोडतात. त्यावर गाळाचे कण चिकटतात, थोडा चुना जागच्या जागी साकळतो, चटई झाकली जाते. मग तंतू गाळातून वर सरकतात आणि नवा पापुद्रा सुरू होतो. ऑस्ट्रेलियातल्या हॅमेलिन पूलमध्ये आजही हे चालतं आणि तिथली वाढ वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे. ‘स्ट्रोमॅटोलिथ’ हा शब्द 1908 साली जर्मन भूवैज्ञानिक अर्न्स्ट कालकोव्स्की यांनी वापरात आणला.

सामान थोडंच लागतं : दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाच मीटरची टेप, नतिमापक (उताराचा कोन मोजणारं साधन) असलेलं होकायंत्र, एक मीटर बाजूचा चौकोन होईल अशी गाठी मारलेली दोरी, पाण्याची फवारणीची बाटली, वही आणि फोटोत ठेवायला सेंटिमीटरची पट्टी. हातोडा घ्यायचा नाही. झामरकोटडा आणि भोजुंदा ही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जाहीर केलेली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं आहेत, तिथे एक टवकाही काढता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात दगडावर आजचंच शेवाळ चढतं आणि दोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या शैवालाचे पापुद्रे त्याखाली दिसेनासे होतात.

पहिला दिवस : उदयपूर, झामरकोटडा

उदयपूरहून आग्नेयेला सुमारे 26 किलोमीटर. 1968 साली इथे फॉस्फेटचा साठा सापडला आणि तेव्हापासून ही प्रामुख्याने खाण आहे. खत कारखान्यांना लागणारा रॉक फॉस्फेट इथून निघतो. स्ट्रोमॅटोलाइट उद्यान या खाणीच्याच परिसरात असल्यामुळे खाण व्यवस्थापनाची लेखी परवानगी आधी मिळवावी लागते. फाटकावर जाऊन विचारू, या भरवशावर निघालं तर दिवस फुकट जातो. हेल्मेट आणि बंद बूट हवेत. आत शिरताना सुरुंगाची वेळ विचारून वहीत पहिल्या ओळीला लिहून ठेवावी.

दगड अरावली महासंघाचा, म्हणजे एकावर एक बसलेल्या खडकथरांच्या एका मोठ्या गटाचा. वय साधारण 200 कोटी वर्षांच्या आसपास, नेमक्या आकड्यावर अजून एकमत नाही. दख्खनचा बेसाल्ट 6.6 कोटी वर्षांचा आहे, म्हणजे हा त्याच्या तीसपट जुना. अरावलीच्या थरांखाली त्याहून कितीतरी जुना मेवाडचा पट्टेदार नाइस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला खडक, आहे. त्या जुन्या खडकावर समुद्र चढला आणि त्याच्या उथळ काठावर या चटया वाढल्या.

पहिली नजर पडते ती रंगावर. खांब निळसर करडे ते काळपट, मधली जागा फिकट. खांब अॅपटाइटचे आहेत, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचे, आणि फटी डोलोमाइटच्या, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटच्या. पावसात डोलोमाइट हळूहळू विरघळतं, अॅपटाइट त्यामानाने टिकतं, म्हणून झिजलेल्या पृष्ठभागावर खांब उठून दिसतात. बोट फिरवलं तरी फरक लागतो : खांबाचा माथा गुळगुळीत, फट खरखरीत आणि खोलगट.

हा रंगांचा भेद म्हणजेच इथली मोठी बातमी. फॉस्फरस समुद्रात सगळीकडे सारखा पसरून बसला असता तर खांब आणि फट दोन्ही फॉस्फेटचे झाले असते. तो चटईतच साठला, फटीत नाही, याचा अर्थ त्याला पकडण्याचं काम चटईने केलं. जिवंत पेशी फॉस्फरस गोळा करतात. त्या मेल्या, कुजल्या की तो चटईच्या आतल्या पाण्यात सुटतो आणि तिथलं प्रमाण पुरेसं वाढलं की अॅपटाइट बनून बसतो. फटीत मात्र बाहेरून आलेला कार्बोनेटचा गाळ भरत राहिला. भिंगातून फटीतला गाळ बघताना काळपट फॉस्फेटचे तुकडे सापडतात का ते शोधावं. टोकदार तुकडे असतील तर जवळचाच खांब मोडून ते पडले आहेत, म्हणजे तेव्हाच खांब टणक झाला होता आणि वादळी लाट तिथवर पोचत होती. गोल झालेले तुकडे असतील तर ते काही काळ लोळत राहिले.

आता इथला धोका. हा भाग नंतर दाबला गेला, घड्या पडल्या, थर तिरके उभे राहिले. खांब दिसतात तसे वाढले होते असं धरून चाललं तर सगळं वाचन चुकतं. कललेला खांब बघून ‘सूर्य या बाजूला होता’ किंवा ‘प्रवाह तिकडून होता’ असं लिहिणं हा इथला सर्वांत सोपा घोटाळा. त्यावर उपाय मोजमापाचा आहे :

थराची नती (उताराचा कोन) आणि नतिलंब (उताराला काटकोनातली आडवी दिशा) आधी मोजावी. मग खांबाचा अक्ष थराशी किती कोन करतो ते पाहावं. काटकोनाच्या जवळपास असेल तर सगळं एकत्र कललंय. मग थराच्या पातळीत खांबांचे आडवे छेद शोधून किमान तीस छेदांची लांबी, रुंदी आणि लांब अक्षाची दिशा लिहावी. छेद लंबगोल असले आणि सगळ्यांचा लांब अक्ष दगडातल्या फाटण्याच्या पातळीला समांतर असला, तर तो आकार डोंगराच्या दाबाने दिलेला आहे, पाण्याने नाही. अक्ष त्या पातळीशी जुळत नसला आणि फटीतल्या गाळाच्या रचनेशी जुळत असला, तरच प्रवाहाची भाषा करावी. तीसपेक्षा कमी मोजली तर हाताला लागेल ते डोळ्यांना आवडणारं निघतं.

खाणीच्या यंत्रांजवळ आणि चुंबकाच्या झाकणाच्या फोनवर होकायंत्र सरळ खोटं बोलतं. दिशा दोन वेगळ्या जागी उभं राहून घ्यावी. पाच अंशांहून जास्त फरक आला तर दोन्ही आकडे खोडावेत.

दाबाने फसवणूक किती होते याचं गाजलेलं उदाहरण ग्रीनलंडच्या इसुआचं. 2016 साली तिथल्या 370 कोटी वर्षांच्या खडकातल्या त्रिकोणी आकारांना सर्वांत जुने स्ट्रोमॅटोलाइट म्हटलं गेलं. 2018 साली अबिगेल ऑलवूड आणि सहकाऱ्यांनी तेच आकार तिसऱ्या बाजूने बघितले, तेव्हा ते लांबच लांब कण्यांसारखे निघाले, म्हणजे घडीचा परिणाम असण्याचीच शक्यता जास्त. वाद मिटलेला नाही, पण धडा कामाचा आहे : एका बाजूचा छेद पुरत नाही. शिवाय खांबाला पाया असतो. तो कुठल्या तरी सपाट थरावर सुरू होतो. घडीला पाया नसतो, ती खालच्या थरांतही तशीच चालू राहते.

दुसरा दिवस : फॉस्फेट नसलेला डोलोमाइट

हा दिवस फोटोंच्या दृष्टीने कोरडा आहे, आणि त्यामुळे बहुतेक जण तो गाळतात. गाळू नये. उदयपूरच्या आसपास अरावलीचे असेही डोलोमाइट आहेत ज्यांत फॉस्फेट नाही. त्यांच्यातल्या कार्बनमध्ये जड समस्थानिक, कार्बन-13, खूप जास्त आहे, प्रमाण मानकापेक्षा दर हजारी +11 पर्यंत. झामरकोटड्याच्या फॉस्फेटयुक्त स्ट्रोमॅटोलाइटमध्ये तेच मूल्य शून्याच्या आसपास येतं. साधारण 220 ते 206 कोटी वर्षांपूर्वी जगभरच्या कार्बोनेटांत अशी जड कार्बनची लाट दिसते, हवेत ऑक्सिजन वाढू लागल्यानंतरची.

म्हणून प्रश्न उरतो : फॉस्फेटवाले थर ती लाट ओसरल्यावर बसले, की त्याच काळात, पण कुजणाऱ्या चटईतून सुटलेल्या हलक्या कार्बनने मूल्य खाली ओढलं? पहिलं खरं असेल तर झामरकोटड्याचा दगड काळ सांगतो. दुसरं खरं असेल तर तो फक्त चटईच्या आतलं वातावरण सांगतो. नुसत्या डोळ्यांनी हे ठरत नाही, पण दोन्ही डोलोमाइट शेजारी शेजारी बघितले की एक गोष्ट पक्की बसते : नमुना खांबातून घेतला की फटीतून, हे लिहिलेलं नसेल तर समस्थानिकाचा आकडा बिनकामाचा.

डोलोमाइट ओळखायची नेहमीची कसोटी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची, दहा टक्क्यांची. चुनखडीवर ते थेट फसफसतं, डोलोमाइटवर मात्र आधी खरवडून भुकटी केली तरच. हे स्मारकाच्या दगडावर करायचं नाही, रस्त्याकडेच्या सुट्या खड्यावर करायचं. दुपारी चितोडगडकडे निघावं, सुमारे 115 किलोमीटर.

तिसरा दिवस : भोजुंदा

चितोडगडजवळ, उदयपूर रस्त्याला. अरावलीच्या गोंधळानंतर हे ठिकाण म्हणजे विसावा. विंध्य महासंघाच्या खालच्या भागातली भगवानपुरा चुनखडी इथे उघडी आहे, वय साधारण 160 ते 170 कोटी वर्षांचं. विंध्यचे थर बहुतांशी जवळजवळ आडवे राहिले, त्यांना अरावलीसारखा मार बसला नाही. त्यामुळे इथे दिसणारा आकार हा पाण्यातल्या आकाराच्या बराच जवळचा असतो. ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्याने झामरकोटडा सोडून इथे यावं, असं आमचं मत.

पोचायची वेळ सकाळी आठच्या आधीची. उन्हाचा तिरपा झोत दगडावर असताना पापुद्र्यांच्या कडांना सावल्या पडतात. अकरानंतर सगळं सपाट पांढरं होतं आणि फोटोत नुसता चुना दिसतो. तेव्हा फवारणीची बाटली काढावी. ओला दगड गडद होतो, पापुद्रे परत उमटतात आणि दगड सुकेपर्यंत दोनेक मिनिटं मिळतात. बादलीने पाणी ओतू नये, धूळ वाहून फटीत बसते आणि जे बघायला आलो तेच झाकलं जातं.

काम एका चौकोनाने सुरू करायचं. गाठींची दोरी पसरून एक मीटर बाय एक मीटर जागा घ्यावी. आत किती खांब, प्रत्येकाचा व्यास, शेजारच्या खांबापर्यंत अंतर, हे लिहावं. खांबांनी जागेचा किती हिस्सा व्यापलाय आणि फटींनी किती, त्याचा अंदाज येतो. असे तीन चौकोन दहा-दहा मीटरवर घेतले की जवळजवळ खांब असलेला पट्टा आणि विरळ खांबांचा पट्टा वेगळे पडतात.

मग उभा छेद शोधायचा आणि गुडघ्यांवर बसायचं. एकच पापुद्रा निवडावा, गडद असेल तो. भिंग न हलवता डोळा त्या रेषेवर ठेवून खांबाच्या माथ्यावरून उतारावर यावं. आता तो पापुद्रा काय करतो? फट ओलांडून शेजारच्या खांबावर चढत असेल, तर घुमट एकमेकांना जोडलेले होते, मध्ये फारशी उलथापालथ नव्हती. खांबाच्या भिंतीशी येऊन संपत असेल, तर खांब सुटे उभे होते आणि मधून पाणी गाळ घासत वाहत होतं. लोगान, रेझाक आणि गिन्सबर्ग यांनी 1964 साली स्ट्रोमॅटोलाइटची जी वर्गवारी केली तिचा कणा हाच आहे : जोडलेले घुमट, सुटे रचलेले घुमट, आणि लोळत वाढलेले गोळे. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांच्या संज्ञा पाठ नसल्या तरी चालेल, पापुद्रा कुठे संपतो ते सांगता आलं पाहिजे. एकाच खांबात खाली जोडलेले घुमट आणि वर सुटे, असंही दिसतं. तिथे पाण्याचा जोर वाढला.

याच पापुद्र्याने दुसरी मोजणी होते. माथ्यावरची त्याची जागा आणि फटीतली त्याची सर्वांत खालची जागा यांतलं उभं अंतर टेपने घ्यावं. त्या क्षणी खांब तळापासून जेवढा वर डोकावत होता तेवढंच ते अंतर. दगडात खांब 60 सेंटिमीटर उंच असेल, पण ही उठावाची उंची तीन सेंटिमीटरच निघू शकते. गाळ आणि खांब बरोबरीने चढत गेले, एवढंच. ‘अर्धा मीटर उंच खांब, म्हणजे किमान अर्धा मीटर पाणी’ हा हिशोब इथेच कोसळतो.

फटीत काय भरलंय ते आता. चपटे, उभे-तिरके खोचलेले पातळ तुकडे असतील तर आधी सुकून तडकलेली चटई लाटेने उचलून तिथे कोंबली आहे. मोहरीएवढे गोल, आत वर्तुळं असलेले दाणे, म्हणजे ऊइड, असतील तर उथळ, सतत ढवळलेलं पाणी. नुसता बारीक चिखलासारखा चुना असेल तर शांतता. उतारावरचे कणही पाहावेत : पस्तीस अंशांहून तीव्र उतारावर वाळूएवढे दाणे चिकटलेले असतील तर ते घसरून खाली यायला हवे होते, काहीतरी चिकट तिथे होतं. सजीवांच्या बाजूने देता येतील अशा साक्षींपैकी ही सर्वांत साधी साक्ष आहे. कारण नुसते घुमटाकार पापुद्रे रसायनानेही बनू शकतात. जॉन ग्रोटझिंगर आणि डॅनियल रोथमन यांनी 1996 साली गणिताने दाखवून दिलं होतं की गाळ आणि साकळणारा चुना एवढ्यावरही तसे आकार तयार होतात.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, हॅमेलिन पूल डोक्यात ठेवून बघणं. तिथलं पाणी समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट आहे. त्या खारटपणामुळे चटई खाणारे बहुतेक प्राणी तिथे टिकत नाहीत, म्हणून खांब वाचले. भोजुंद्याच्या काळात चरणारे प्राणीच नव्हते. चटई साध्या समुद्रातही कुठेही वाढू शकत होती. त्यामुळे ‘स्ट्रोमॅटोलाइट दिसले, म्हणजे पाणी अतिखारट’ हा निष्कर्ष काढायचा नाही. खारटपणा म्हणायचा तर मिठाच्या किंवा जिप्समच्या स्फटिकांचे साचे दगडात सापडले पाहिजेत. दुसरी चूक पापुद्रे मोजून दिवस मोजण्याची. एका वादळात एक जाड पापुद्रा बसतो, शांत आठवड्यात काहीच बसत नाही, आणि कुठे झीज झाली ते पापुद्रा सांगत नाही.

चौथा दिवस : गाडीत

चितोडगडहून झाशीकडे, तिथून माणिकपूरच्या मार्गावर चित्रकूटधाम कर्वी. पूर्ण दिवस आणि वर रात्र. रेल्वेत आम्ल नेता येत नाही, त्यामुळे बाटली उदयपूरलाच संपवलेली बरी. पुढच्या टप्प्यासाठी सायट्रिक आम्लाची, म्हणजे लिंबूसत्वाची, पुडी न्यावी. 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम. चुनखडीवर त्याचे बुडबुडे भिंगातूनच दिसतात आणि अर्धा मिनिट थांबावं लागतं. डोलोमाइटवर ते जवळपास काहीच करत नाही, त्यामुळे ‘काही झालं नाही’ याचा अर्थ डोलोमाइटच असा घेऊ नये, गारगोटीही असू शकते. लोखंडी टाचणीने ओरखडा उठला तर कार्बोनेट, टाचणीचाच धातू दगडावर उमटला तर गारगोटी.

गाडीत करण्यासारखं काम म्हणजे तीन दिवसांच्या आकड्यांची तक्ता-मांडणी. फोटो आणि चौकोनाचे क्रमांक त्याच रात्री जुळवले नाहीत तर पुढे कधीच जुळत नाहीत.

पाचवा दिवस : चित्रकूट, जानकीकुंड

मंदाकिनीच्या काठावर तिरोहन डोलोमाइट उघडा पडतो. हा विंध्य महासंघातल्या सेमरी संघाचा, म्हणजे त्यातल्या एका लहान गटाचा, वरचा भाग. बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट पायाला, त्यावर हिरवट ग्लॉकोनाइटचे दाणे असलेला वालुकाश्म, त्यावर हा डोलोमाइट, आणि डोंगरमाथ्यांवर कैमूरचा वालुकाश्म, अशी चळत. शिशाच्या समस्थानिकांवरून डोलोमाइटचं वय 165 कोटी वर्षं, अधिक-उणे 8.9 कोटी.

जानकीकुंड हा घाट आहे, लोक स्नानाला येतात. चप्पल कुठे काढायची ते आधी बघावं, पूजेच्या जागेवर टेप पसरू नये, आणि काम पहाटे उरकावं. नदीचं पाणी चढलं असेल तर खालचे थर दिसत नाहीत.

इथला दगड लहान आणि शांत दिसतो, पण विज्ञानात त्याने बरीच धूळ उडवली. 1998 साली रफत जमाल आझमी यांनी विंध्यच्या खालच्या थरांतून कवचधारी प्राण्यांच्या काळातले वाटणारे जीवाश्म जाहीर केले. ते खरे असतील तर दगड जेमतेम 54 कोटी वर्षांचा ठरत होता. बराच गदारोळ झाला. 2009 साली स्टेफान बेंगट्सन आणि सहकाऱ्यांनी चित्रकूटचे थर तपासले : जीवाश्म खरे, पण दगड शंभर कोटी वर्षांहून जास्त जुना, आणि ते प्राणी नव्हेत. 2017 साली त्यातल्या तंतूंना त्यांनी ‘रफतआझमिया चित्रकूटेन्सिस’ हे नाव दिलं. लाल शैवालासारखा हा जीव म्हणजे 160 कोटी वर्षांपूर्वीच्या, केंद्रक असलेल्या पेशी. नावात आझमीही आले आणि चित्रकूटही.

हे सगळं इतकं नाजूक टिकलं कसं? पुन्हा फॉस्फेट. चटईत आणि तिच्या आसपासच्या लहान फॉस्फेटी तुकड्यांत अॅपटाइट इतक्या लवकर बसला की पेशी चपट्या व्हायच्या आतच साचा घट्ट झाला. बाकीच्या डोलोमाइटमध्ये स्फटिक मोठे होत गेले आणि आतलं सगळं पुसलं गेलं. म्हणून जीवाश्म शोधणाऱ्याला फिकट डोलोमाइटमध्ये काही मिळत नाही, खांबांच्या आसपासचे काळपट खडे महत्त्वाचे. आपण फक्त बघायचे. पेशी भिंगातून दिसत नाहीत, त्यासाठी दगड विरघळवून किंवा क्ष-किरणांच्या सूक्ष्म छायाचित्रणाने काम केलं गेलं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्यासारखी. 2018 साली तेरेस सालस्टेड आणि सहकाऱ्यांनी अरावली आणि विंध्य या दोन्हींतल्या फॉस्फेटी स्ट्रोमॅटोलाइटचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. विंध्यच्या चटईत त्यांना 50 ते 500 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मापाच्या गोल पोकळ्या मिळाल्या, तंतूंनी वेढलेल्या. त्यांचं म्हणणं, हे चटईत अडकलेले ऑक्सिजनचे बुडबुडे. आजच्या साचलेल्या पाण्यातल्या शेवाळावर दुपारी जे चमकदार बुडबुडे धरतात तेच. घाटाच्या पायरीलगत शेवाळ असेल तर दोन्ही एकाच नजरेत बघता येतात, पाण्याखाली आजचे आणि हातभर वर दगडातले. दगडातले मात्र भिंगालाही सहज सापडत नाहीत, आणि पावसाने पडलेली साधी छिद्रं बुडबुड्यांसारखी दिसून फसवतात. छिद्र पापुद्रा कापत असेल तर ते झिजेचं. पापुद्रा त्याच्याभोवती वळून जात असेल तरच थांबून बघावं.

सहावा दिवस

चित्रकूट ते प्रयागराज, मिर्झापूर, पुढे रॉबर्ट्सगंज. रॉबर्ट्सगंजच्या स्थानकाचं नाव आता सोनभद्र आहे, तिकिटाच्या वेळी घोळ होतो. दिवस प्रवासातच जातो.

सातवा दिवस : सलखन

रॉबर्ट्सगंजपासून साधारण 12 किलोमीटर, कैमूरच्या जंगलात, सुमारे 25 हेक्टरचं उद्यान. दगड फॉन चुनखडी, नावाप्रमाणे फिकट बदामी. बऱ्याच लिखाणात याचं वय 140 कोटी वर्षं दिलेलं असतं. सेमरी संघात या थराच्या खाली आणि वर ज्वालामुखी राखेचे थर आहेत. त्यांतल्या झिर्कॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून 2002 साली जी वयं निघाली ती अनुक्रमे 163 आणि 160 कोटींच्या आसपास. चुनखडी या दोहोंच्या मधली. तीन कोटी वर्षांच्या चिमट्यात इतका जुना दगड पकडता येणं, ही चैन आहे.

इथे जमिनीवर वर्तुळंच वर्तुळं. बशीएवढी, कुठे ताटाएवढी, एकात एक कड्या. पहिल्या तीन दिवसांच्या सवयीने हे घुमटांचे आडवे छेद वाटतात. इथे मात्र कोनोफायटॉन प्रकारचे खांबही आहेत, म्हणजे पापुद्रे घुमटाकार नाहीत, शंकूसारखे टोकदार, एकात एक बसवलेले कागदी कोन. ओळखायची खूण वर्तुळाच्या मध्यात : घुमटाच्या छेदात मधली कडी रुंद आणि पसरट असते, शंकूच्या छेदात केंद्राशी एक छोटा, जाडसर, जरा वेडावाकडा ठिपका असतो. तो शंकूचा अक्ष, जिथे प्रत्येक पापुद्रा टोकाशी जाड होतो. उभा छेद मिळाला तर हीच जागा खांबाच्या मधोमध वरपर्यंत जाणाऱ्या दोरीसारखी दिसते.

शंकू का महत्त्वाचे? टोकदार माथा राखायला तंतूंनी वर सरकत राहणं लागतं आणि पाण्याने तो माथा मोडू न देणं लागतं. लाटांच्या पट्ट्यात असं टोक टिकत नाही. आज असे शंकू यलोस्टोनच्या गरम झऱ्यांच्या निवांत डबक्यांत आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या उंटरझी सरोवरात वाढतात. दोन्हीकडचं पाणी हलत नाही, तापमानं मात्र दोन टोकांची. म्हणजे शंकू तापमानाबद्दल गप्प आहे, शांततेबद्दल बोलतो.

आणि इथेच फट पुन्हा तपासायची. शंकूंच्या मधल्या जागेत बारीक, सलग पापुद्र्यांचा चुना असेल आणि मोडके तुकडे जवळपास नसतील, तर शांत पाण्याचं वाचन टिकतं. तुकडे भरलेले असतील तर वादळाने येणाऱ्या मालाची जागा होती, शंकू दोन वादळांच्या मधल्या काळात वाढले. वरच्या थरात शंकू जाऊन घुमट आले, घुमट जाऊन सपाट पापुद्रे आणि बहुकोनी तडे आले, तर तळ हळूहळू वर येत उघडा पडला. हा क्रम खालून वर चढत, प्रत्येक थराला एक ओळ या हिशोबाने वहीत उतरवावा. वरून खाली उतरत लिहिलं तर रात्री वाचताना समुद्र उलटा आत येतो.

थर वर चढताना दोन वर्तुळांच्या मधल्या जागेत पाय ठेवावा. वर्तुळांवर चालण्याने कड्यांच्या धारा गुळगुळीत होतात, आणि मध्यातला तो ठिपका सगळ्यात आधी जातो.